कोतोपाक्सीच्या माथ्यावरून थेट प्रक्षेपण

२ नोव्हेंबर
सकाळी सगळे कबरस्तानात जाऊन आलो. सासऱ्यांच्या कबरीवर फुलं ठेवली. मग सासूबाईंकडे जेवण. कोलादा हे फळांचं दाट जांभळं पेय आणि बाहुलीच्या आकाराचा पाव, दोन्ही अंमळ जास्तच झालं. जेवताना मेहुण्याने, क्लेबेरने, नेहमीचं दळण सुरू केलं. हा दुधाचा ट्रक चालवतो आणि दोनदा कोतोपाक्सी चढून आलाय, त्यामुळे त्याच्या ताटात दुसरा विषयच नसतो. शेवटी मी म्हणालो, त्यात काय एवढं, मी मनात आणलं तर मीही चढेन. क्लेबेर म्हणाला, "दाजी, तुमचं मनात आलेलं मनातच राहतं." सगळे हसले. रोसाउराही हसली. बायकोने हसायला नको होतं. नोंद करून ठेवतो.
निश्चय: कोतोपाक्सी.

३ नोव्हेंबर
आज रेडिओवरच्या माझ्या कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे तांत्रिक घोटाळा झाला, थोडी शांतता पडली आणि माझ्या तोंडून वाक्य निघून गेलं. वाक्य सुंदर होतं. "श्रोतेहो, ज्या पांढऱ्या डोंगराकडे बघत तुम्ही रोज दात घासता, त्याच्या माथ्यावरून हा ओल्गेर वियासिस तुम्हाला सुप्रभात म्हणणार आहे. थेट!"
स्टेशनच्या मालकीण पिएदादबाई केबिनमधून धावत बाहेर आल्या. वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "कधी?" मी म्हणालो, "जानेवारीत." दुपारपर्यंत गादीवाल्यांची जाहिरात मिळालीसुद्धा.
बाईंच्या डोक्यात सध्या सकाळचा कार्यक्रम 'तरुण' करण्याचं घोळतंय, कुणी एक टोपी उलटी घालणारा मुलगा येऊन आवाजाची चाचणी देऊन गेला म्हणे. त्याचा आणि माझ्या निर्णयाचा काही संबंध नाही.

६ नोव्हेंबर
ट्रेनिंग सुरू. काल्वारिओच्या टेकडीच्या पायऱ्या. अर्ध्यावर थांबून शहर पाहिलं. आपल्या शहराकडे असं थांबून बघणारी माणसं कमी झाली आहेत. गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी मला मागे टाकून गेली. तिला सवय असणार. पुढचा अर्धा भाग उद्या.

७ नोव्हेंबर
पाय दुखतायत. म्हणजे स्नायू तयार होतायत. तयार होणाऱ्या स्नायूंना छेडू नये असं कुठेतरी वाचलंय.

९ नोव्हेंबर
गावच्या मामा नेग्रा उत्सवाची मिरवणूक. मला निवेदन करायचं होतं, त्यामुळे ट्रेनिंगचा प्रश्नच नव्हता. मिरवणुकीत बाटली पुढे केली की नाही म्हणता येत नाही. बऱ्याच जणांनी पुढे केली.

२१ नोव्हेंबर
गाइड ठरला. एदिसन चिकाइसा. तिशीच्या आतला, सारखं काहीतरी चघळणारा, स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसणारा. अर्धा वेळ त्याच्या होणाऱ्या बायकोबद्दल बोलला, उरलेला अर्धा वेळ आधीच्या होणाऱ्या बायकोबद्दल. मला विचारलं, "सर, काही आजार?" मी म्हणालो, नाही. "रोज किती धावता?" मी सांगितलं की धावणं माझ्या प्रकृतीचं नाही, माझं सामर्थ्य श्वासावर आहे, एका दमात मी सगळ्या प्रांताचं हवामान वाचतो. तो खूप हसला. चांगला मुलगा आहे, फक्त आदर कशाला म्हणतात ते शिकायचंय.
एक नियम त्याने गंभीरपणे सांगितला. एका दोरीवर तिघं: तो आणि दोन गिऱ्हाइकं. एक परत फिरला की तिघंही परत. मी म्हणालो, माझ्याकडून निर्धास्त राहा, दुसऱ्यावर लक्ष ठेव. दुसरा म्हणजे आमचा साउंडवाला बायरन. त्याने वर फोन धरायचा, बोलायचं मी.

१२ डिसेंबर
बर्फावरचा सराव. बुटांना लोखंडी काटे, हातात बर्फात रोवायची कुऱ्हाड, डोक्यावर हेल्मेट. फोटो उत्तम आले. उतारावर मी ठरवून बसलो आणि घसरत खाली आलो. एदिसन म्हणाला, थांबायला शिकण्याचा सराव अजून सुरू व्हायचाय. बायरनने मात्र फटीतलं निळं बर्फ पाहिलं आणि जागच्या जागी मोहिमेचा राजीनामा दिला. म्हणाला, बायकोला दिवस गेलेत. मला वाटतं ते त्याला तिथेच सुचलं.
मग फोन कोण धरणार? रात्री जेवताना मी हे मोठ्याने बोललो. रोसाउरा म्हणाली, "मी धरेन."
मी समजावलं की हा डोंगर आहे. ती म्हणाली, "पण धरायचा फोनच ना?"
तिला व्यायामाची सवय नाही. शाळेचे गणवेश शिवते, दिवसभर कापडाचे तागे वरच्या आळीतल्या दुकानात चढवायचे आणि शिवलेलं खाली आणायचं, एवढंच. पण दुसरं कुणी नाही. एदिसनला सांगून ठेवलं की रोसाउरामुळे आपल्याला परत फिरावं लागलं तर मी समजून घेईन.

२८ डिसेंबर
ट्रेनिंग नवीन वर्षात. शरीराला नाताळात शिस्त लावणं म्हणजे शरीराचा अपमान. रोसाउरा काल्वारिओवर जाऊन आली म्हणाली. कापड द्यायला का, असं विचारलं. म्हणाली, नाही, सहज.

१ जानेवारी
काल रात्री गल्लीतल्या पोरांनी जुन्या वर्षाचा पुतळा केला तो माझा! भुसा भरलेलं पोट, हातात लाकडी कुऱ्हाड, तोंडासमोर माइक म्हणून कणीस. बारा वाजता पेटवला. लोकप्रियतेची याहून मोठी पावती कोणती? पोट जरा अति केलं होतं.
नव्या वर्षाचे निश्चय: रोज टेकडी. तळलेलं डुकराचं मांस बंद. चढताना शेवटी रोसाउराला आधार द्यायचा, रागवायचं नाही.

९ जानेवारी
टेकडीवर उद्या जाणार होतो, पण उद्याच निघायचंय. विश्रांती हेही ट्रेनिंगच.

१० जानेवारी, दुपार, निवाऱ्यात
गाडी थांबते तिथून निवाऱ्यापर्यंतची चढण ही वाळूची आहे. म्हणजे पाऊल पुढे टाकायचं आणि ते मागे यायचं. डोंगराची पहिलीच वागणूक अप्रामाणिक. माझी पिशवी शेवटच्या टप्प्यात रोसाउराने घेतली कारण तिची हलकी होती. डोकं किंचित दुखतंय, ते जबाबदारीमुळे. निवाऱ्यातल्या सगळ्यांना मी माझ्या कार्यक्रमाची वेळ सांगितली. एक बाई आहे, रिओबाम्बाच्या शाळेत शिकवते, एकटीच आलीय, तिचा गाइड नेल्सन हा एदिसनचा चुलतभाऊ. ती आणि रोसाउरा सूप पिताना गप्पा मारत बसल्या. मीही सामील होणार होतो, पण आडवं व्हावंसं वाटलं.
शिखरावर म्हणायची वाक्यं पाठ आहेत.

११ जानेवारी, सकाळ, निवाऱ्यात
आधी वस्तुस्थिती.
मध्यरात्री निघालो. पुढे एदिसन, मधे मी, मागे रोसाउरा. वाळू, मग दगड, मग बर्फाची कड. तिथे काटे बांधले, दोरी बांधली. मी लोकांचं मनोधैर्य टिकवायला बोलत होतो. एदिसन म्हणाला, "सर, श्वास वाचवा, इथे गिऱ्हाईक फुकट श्वास वाटत नाही." ज्याने आयुष्यभर शांतता भरून काढली त्याला गप्प बसायला सांगणं सोपं असतं.
बर्फावर थोडं चढल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तयार आहे पण पाय तयार नाहीत. बुटाची नाडी बांधायला बसलो. एदिसन म्हणाला, नाडी दिसतच नाहीये, आत झाकलीय. उठलो. पुन्हा बसलो. त्याने विचारलं, आता काय. मी सांगितलं की इथे आवाज कसा उमटतो ते तपासतोय. "बसून?" म्हणाला. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा पोटातलं सगळं बर्फावर आलं. हवेचा दाब कमी असला की असं कुणालाही होतं. रोसाउराने माझं तोंड पुसलं, पाणी दिलं.
एदिसन म्हणाला, "सर, पुरे. उतरू या." या वेळी हसला नाही.
मी म्हणालो, ठीक आहे, नियम म्हणजे नियम, तिघंही उतरू. खरं सांगायचं तर एकटा परतला तर ती माघार असते, तिघं परतले तर तो निर्णय असतो. रेडिओवर काय सांगायचं ते वाक्यही तयार झालं होतं. 'पत्नीच्या प्रकृतीपुढे शिखर ते काय?' चांगलं वाक्य होतं.
तेवढ्यात खालून नेल्सन आणि ती मास्तरीण आले. त्यांच्या दोरीवर एक जागा रिकामी होती. एदिसनने विचारलं, "ताई, तुम्ही जाताय का पुढे?" मी म्हणालो, छे, ती दमलीय. बघतो तर एदिसन तिची गाठ सोडतसुद्धा होता. मी म्हणालो, रोसाउरा, आपण टीम आहोत. ती म्हणाली, "फोन माझ्या खिशात आहे. फोन वरून करायचाय ना?"
मग नेल्सनच्या दोरीला गाठ मारून निघाली. थोडं पुढे गेल्यावर मागे वळून म्हणाली, "खाली गेल्यावर पांघरूण घ्या."
मी शिखर तिला बहाल केलं. याची नोंद अशीच व्हावी.

त्याच दिवशी, जरा वेळाने
निवाऱ्यातल्या रेडिओवर आमचं स्टेशन लावलं. दोन पांघरुणं आणि बटाट्याचं सूप घेऊन ऐकत होतो. पिएदादबाईंनी स्वतः निवेदन केलं, मग खरखर, वारा, आणि रोसाउराचा आवाज. तो इतका धापा टाकणारा की आधी ओळखलाच नाही.
"मी रोसाउरा. आम्ही पोचलो. ओल्गेर इथेच आहेत, माझ्या शेजारी. त्यांना धाप लागलीय, बोलता येत नाहीये त्यांना."
एदिसन गुळाचं गरम पाणी पीत होता, ते त्याच्या नाकातून बाहेर आलं. म्हणाला, "सर, तुम्ही तर वर पोचलात की! आणि सूपही इथे संपवलंत!"
मग ती म्हणाली, "इथून सगळं..." आणि थांबली. कितीतरी वेळ नुसता वारा. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे गुन्हा. शेवटी ती रडल्यासारखं हसली आणि फोन बंद झाला.
परतली तेव्हा चेहरा उन्हाने तांबडालाल, ओठ फुटलेले. मला विचारलं, "डोकं कसंय?" मी सांगितलं, बरं आहे, पण मधली ती शांतता फार लांबली. ती म्हणाली, "हो का."

१२ जानेवारी
गावात वाजतगाजत स्वागत. गादीवाल्यांनी मला एक गादी भेट दिली. मी प्रत्येकाला सांगणार होतो की प्रत्यक्षात थोडं वेगळं घडलं, पण बँडच्या आवाजात सांगणं शक्य नव्हतं. उद्या कार्यक्रमात सांगायचं. पहिल्याच मिनिटाला.

१३ जानेवारी
पिएदादबाईंनी मिठी मारली. म्हणाल्या, "ओल्गेर, त्या टोपीवाल्या पोराला मी नाही कळवलं. सकाळ तुझीच." अशा भावनिक क्षणी माणसाला धक्का देऊ नये. सत्याचीही एक वेळ असते. शिवाय रोसाउराने एकदा जे सांगितलंय ते खोडून काढणं म्हणजे तिला खोटं पाडणं. नवरा म्हणून मला ते शोभत नाही.
बाईंना वर्णनांची मालिका हवीय. रोज थोडं.

१४ जानेवारी
मालिकेचा पहिला भाग. विषय: बर्फ. 'बर्फ म्हणजे झोपलेलं पाणी.' फोन खूप आले.
घरी रोसाउराने रेडिओ बंद ठेवला होता. मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल.

१५ जानेवारी
दुसरा भाग. विषय: दोरी. थोडं नाट्य हवं होतं, म्हणून असं सांगितलं की शेवटच्या चढावर रोसाउरा बसली, म्हणाली माझ्याने होत नाही, तेव्हा मी दोरी खांद्यावर घेतली आणि 'तिला नव्हे, आमच्या संसाराला' वर ओढलं. स्टुडिओत बायरनने मान खाली घातली. भारावला असावा.

१६ जानेवारी
तिसरा भाग. विषय: सूर्योदय. ओघात होतो. म्हणालो, 'आणि इलिनिसाच्या दोन शिखरांमागून सोन्याचा गोळा वर आला.' लगेच फोन. बाजारात चीज विकणाऱ्या ओफेलियाबाई. "ओल्गेरभाऊ, माझ्या दुकानातून इलिनिसा दिसतात. सूर्य तिथे रोज मावळतो. तुम्ही गेलात त्या दिवशी उलटा फिरला काय?"
मी सांगितलं की अति उंचीवर प्रकाशाचं वक्रीभवन होतं. त्या म्हणाल्या, "होत असेल बाबा. वर गेलेल्यालाच ठाऊक." मागे पुष्कळ लोक हसत होते. बाजारात नेहमीच गोंगाट असतो.
संध्याकाळी घरी रोसाउरा कापड बेतत होती. मान वर न करता म्हणाली, "मी एकदाच खोटं बोलले. तुमची लाज राखायला. तुम्ही त्याच खोट्याची दोरी केलीत आणि मलाच तिने ओढलंत."
मी म्हणालो, रेडिओला नाट्य लागतं. ती म्हणाली, "बर्फात तुमचं तोंड मी पुसलं. त्यात नाट्य नव्हतं वाटतं." आणि कात्री चालवली. सरळ रेषेत, खूप लांबवर.

१७ जानेवारी
आज स्टेशनवर पोचलो तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं की सगळं सांगून टाकायचं. पिएदादबाईंना आधी विश्वासात घेतलं. बाई म्हणाल्या, "अरे, ते माहितेय."
मी विचारलं, काय माहितेय? "तू बर्फाच्या कडेवरून परत आलास ते. एदिसनने पहिल्याच संध्याकाळी तळलेल्या मांसाच्या हॉटेलात सांगितलं. तू तीनदा कसा बसलास त्याचं नाटक करून दाखवतो. छान करतो. सगळ्या लाताकुंगा गावाला माहितेय."
मग मला बोलू का दिलंत?
"ऐकतायत म्हणून. बाजारात सगळे एकत्र बसून ऐकतात. उद्या काय थाप मारणार यावर पैजा लागतात. इतके श्रोते मला कधी मिळाले नव्हते. चालू ठेव. आणि ओल्गेर, ते खुलासे वगैरे काही करू नकोस हं. मजा जाईल."
टोपीवाल्याचं विचारलं. म्हणाल्या, खुलासा केलास तर त्याचा विचार करावा लागेल.
चौथा भाग केला. विषय: ढग.

१८ जानेवारी
तटस्थपणे विचार केला तर श्रोता हसतो म्हणजे तो जवळचा आहे. पाचवा भाग छान झाला. एदिसन रस्त्यात भेटला, पाया पडल्यासारखं केलं. "सर, राग नको, पोट माझंपण आहे. बाकी ताई कसल्या चढल्या! नेल्सन म्हणतो, एकदाही बसल्या नाहीत." मी म्हणालो, माझ्याच मार्गदर्शनामुळे. तो आधी हसला नाही, मग हसला.

२३ जानेवारी
रोसाउरा कायांबे चढायला जातेय. नेल्सन आणि ती रिओबाम्बाची मास्तरीण. मला जेवताना कळलं, तेही क्लेबेरमुळे. तो त्यांना सोडायला जाणार आहे. मी विचारलं, फोन कोण धरणार? रोसाउरा म्हणाली, "कुणी नाही. फोन घरी ठेवून जाणार." क्लेबेर म्हणाला, "दाजी, मागच्या वेळी तुम्ही ओढलंत तिला. आता कोण ओढणार बिचारीला?" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.
मी येतो, निवाऱ्यापर्यंत, असं म्हणणार होतो. पण कुणी विचारलं नाही.

२४ जानेवारी
ती पहाटेच गेली. मी जागा होतो. तिला वाटलं झोपलोय. माझं पांघरूण सारखं केलं आणि गेली.
कार्यक्रमात मालिकेचा अकरावा भाग होता. विषय ठेवला होता 'माथ्यावरची शांतता'. माइकसमोर बसलो आणि काही आठवेना. म्हणजे आठवण्यासारखं नव्हतं. गाणी लावली. ओफेलियाबाईंचा फोन आला, "काय हो, आज थाप नाही?" मी कायांबेचं हवामान वाचलं. आभाळ स्वच्छ, वारा मध्यम. नंतर परत एकदा वाचलं. पिएदादबाई काचेतून खुणा करत होत्या की पुरे.

२५ जानेवारी
दुपारी दोनदा दारात जाऊन आलो. क्लेबेरचा ट्रक दिसला नाही. सूप करून ठेवलं. बटाटे तळाला लागले.

२६ जानेवारी
सकाळी आली. दारातच बूट काढले, भिंतीला धरून. चेहऱ्यावर परत तोच तांबडेपणा, आणि काहीतरी वेगळं, जे माझ्याकडे बघताना ती जरा बाजूला ठेवत होती. मी सूप गरम केलं. करपल्याचा वास येत होता, तरी तिने संपवलं.
मी विचारलं, पोचलीस?
म्हणाली, "हो."
मी गादीवर तिच्या कडेला बसलो. म्हणालो, कसं वाटतं गं वर? काय दिसतं?
कार्यक्रमासाठी विचारलं नव्हतं. देवाशपथ.
तिने पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे की. दहा दिवस सगळ्या गावाला सांगताय."
आणि कूस बदलून झोपली. लगेच घोरायला लागली.
मला ठाऊक नाही.